डोंगरावरील हरणांचा चारा

पनवेल, उरण आणि ठाणे तालुक्यांतील डोंगरपायथ्याच्या गावी वन्य पशूंविषयी बोलणे काढले, म्हणजे शेतकऱ्यांकडून बहुधा एकच उत्तर मिळते. रानातले जनावर जे हिरवे दिसेल ते खाते, असे ते उत्तर होय. पिकाच्या नुकसानीने पोळलेल्या माणसाचे हे बोलणे आहे व त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. परंतु ते खरे नाही. रानातील प्रत्येक चरणाऱ्या पशूची निवड ठरलेली असते, ती ऋतूप्रमाणे बदलते, आणि त्या निवडीत जेव्हा खंड पडतो तेव्हाच तो पशू सहसा बांध ओलांडतो. हा खंड केव्हा आणि कशामुळे पडतो, हे ज्याला कळले त्याला आपले पीक राखणे व आपले गायरान सुधारणे ही दोन्ही कामे पुष्कळ सोपी होतील.

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस पारसिकची रांग दक्षिणोत्तर पसरलेली आहे. तिच्या दक्षिणेस खारघरचा डोंगर, आणि पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा महामार्गावर कर्नाळ्याचा किल्ला व त्याभोवतीचे अभयारण्य. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या परिसरात नवी मुंबई वसवण्याचे काम सुरू झाले. खाजणे व भातखाचरे यांच्या जागी वसाहती उठल्या, पारसिकच्या कुशी दगडखाणींनी पोखरल्या. तरी डोंगराचा बराचसा भाग अद्याप रान म्हणूनच उरला आहे. १९६८ मध्ये घोषित झालेले कर्नाळा अभयारण्य पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असले, तरी भेकर व रानडुक्कर यांचाही तेथे वास आहे. खाडीच्या पश्चिमेस येऊर व बोरिवली या बाजूंना पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानात चितळ, सांबर, भेकर आणि चिमुकली पिसोरी असे चारही पशू आढळतात. कोकणच्या उत्तर भागातील रानात कोणते पशू कसे चरतात, हे समजून घेण्यास एवढे उदाहरण पुरेसे आहे.

प्रथम आपल्या गोठ्याकडे पाहावे, कारण रानाची किल्ली तेथेच आहे. म्हैस भरड गवताचाही मोठा घास घेते. गाय जिभेने गवताचा झुपका वेढून तोडते. मेंढी खुरट्या गवताशी तोंड नेऊन खुडते. शेळी मात्र मागच्या पायांवर उभी राहून बोरीचा पाला ओरबाडते आणि पायाखालच्या गवताकडे पुष्कळदा पाहतही नाही. एकाच गायरानात ही चारही जनावरे सोडली तरी ती एकच चारा खात नाहीत. रानातही अशीच विभागणी असते. काही पशू मुख्यतः गवत चरणारे, काही पाला, कोंब, फुले व फळे खुडणारे, आणि काही ऋतू पाहून दोन्ही खाणारे. काळवीट पहिल्या वर्गातले, भेकर व पिसोरी दुसऱ्या वर्गातल्या, आणि चितळ, सांबर व गवा हे तिसऱ्या वर्गातले होत. त्यातही चितळाचा ओढा गवताकडे अधिक, तर सांबराचा झाडपाल्याकडे अधिक असतो.

हा भेद केवळ आवडीनिवडीचा नाही. तो पोटाच्या घडणीचा आहे. रवंथ करणाऱ्या पशूच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे एक प्रकारची आंबवणीची कोठीच होय. तेथे असंख्य सूक्ष्म जीव गवतातील चिवट तंतू फोडून त्यांचे पचेल अशा द्रव्यात रूपांतर करतात. पिसोरीचा तिसरा कप्पा जवळजवळ नसल्यासारखाच असतो, एवढा अपवाद सोडला तर आपल्याकडील सर्व हरणे व गोकुळातील पशू यांची रचना एकाच नमुन्याची आहे. मात्र कोठीचा आकार व अन्न तेथे राहण्याचा काळ यांत फार फरक पडतो. गवत चरणाऱ्याची कोठी मोठी असते व चारा तिच्यात दीर्घकाळ मुरतो. पाला खुडणाऱ्याची कोठी लहान असते, अन्न लवकर पुढे सरकते. म्हणून त्याला मऊ, रसाळ व सकस तेच निवडावे लागते. झाडाच्या पाल्यात तुरट द्रव्ये असतात व ती प्रथिनांना बांधून टाकतात. पाला खाणाऱ्या अनेक पशूंच्या लाळेत या तुरटपणाला आवर घालणारी द्रव्ये असतात. गाईच्या लाळेत ती नसल्यासारखीच. बाभळीचा पाला शेळीला मानवतो व गाय तो थोडाच खाते, याचे एक कारण हे आहे.

दुसरी गोष्ट शरीराच्या आकाराची. पिसोरीचे वजन २ ते ४ किलो, भेकराचे साधारण २० ते २८ किलो. वाढ झालेला सांबर नर २०० किलोंच्या वर जातो, आणि गव्याचा नर ८०० किलोंपर्यंत व त्याहूनही अधिक भरतो. लहान पशूला दर किलो वजनामागे अधिक शक्ती लागते, परंतु त्याच्या पोटात जागा थोडी. म्हणून तो दाणा-दाणा निवडल्याप्रमाणे एकेक कोंब, एकेक गळलेले फळ वेचत फिरतो. मोठ्या पशूला एकूण चारा पुष्कळ लागतो, पण तो निकस असला तरी चालवून घेता येतो. भेकर एकटे किंवा जोडीने फिरते, आणि चितळांचे व काळविटांचे कळप होतात, यामागेही बऱ्याच अंशी चाऱ्याचेच कारण आहे; वेचून खाण्याजोगे अन्न विखुरलेले असते व त्यावर कळपाचे पोट भरत नाही.

आता डोंगरावरचे वर्ष पाहू. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की पंधरवड्यात उतार हिरवे होतात. पवना, मारवेल, कुसळी या गवतांची कोवळी पाती या काळात प्रथिनांनी भरलेली असतात. चितळ, सांबर यांसारखे मिश्र आहाराचे पशूही आषाढ-श्रावणात गवतच अधिक खातात. पनवेलकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. गवताची वाढ जोमाने होते, पण तितक्याच वेगाने ते निबरते. फुलोरा येऊन बी धरले, की पात्यांतील सकसपणा ओसरतो. ऑक्टोबरच्या अखेरीस उतारावर पिवळे गवत डोलत असते. ते पाहून डोंगरावर चारा मुबलक आहे असे वाटते, आणि येथेच आपली मोठी चूक होते.

कोठीतील सूक्ष्म जीवांना स्वतःला जगण्यासाठी प्रथिने लागतात. चाऱ्यातील प्रथिनांचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेले, की त्यांचे काम मंदावते, चारा पोटात अडकून राहतो आणि जनावराची भूकच कमी होते. वाळलेल्या उभ्या गवतात हे प्रमाण ३-४ टक्क्यांवर आलेले असते. आपल्या भाताच्या पेंढ्याचीही तीच स्थिती आहे. मे महिन्यात केवळ पेंढ्यावर असलेल्या गाईचे पोट भरलेले दिसते आणि हाडे मात्र वर येतात, हा अनुभव कोणत्या शेतकऱ्यास नाही? रानातील पशूवरही नेमका हाच प्रसंग माघ ते ज्येष्ठ या काळात येतो. त्याला पेंड किंवा हिरवी वैरण आणून घालणारा कोणी नसतो.

मग तो काय करतो? तो उतार सोडून ओढ्याकडे वळतो. ओढ्याच्या काठी ओल टिकलेली असते. तेथील झाडाझुडपांवर नवी पालवी फुटते, आणि मुख्य म्हणजे झाडांखाली फुले व फळे गळू लागतात. मार्गशीर्षापासून आवळे, पुढे बेहडे. फाल्गुनात काटेसावरीची मांसल फुले, त्यापाठोपाठ मोहाची फुले. चैत्र-वैशाखात करवंदे व भोकरे, मृगाच्या तोंडावर जांभळे. आणि उंबर तर उन्हाळ्यात केव्हा ना केव्हा पिकलेले असतेच. भेकर व पिसोरी यांचा उन्हाळा बव्हंशी या गळलेल्या मालावर निभतो. चितळ व सांबरही ही झाडे सोडीत नाहीत. वानरांचा कळप वरून खातो त्याहून कितीतरी अधिक खाली टाकतो. म्हणून चितळांचे कळप वानरांच्या झाडाखाली येऊन उभे राहतात, हे मध्य भारतातील वनांत वारंवार पाहण्यात आले आहे. खाणारा वर आणि वेचणारा खाली, शिवाय वाघ-बिबळ्याची चाहूल एकाला लागली की दुसऱ्यास कळते, असा तो शेजार आहे.

या फळे खाण्यात एक मौज आहे. चितळ किंवा भेकर आवळा अख्खा गिळते. गर पोटात जिरतो. कठीण आठोळी मात्र रवंथीच्या वेळी तोंडात परत येते व बाहेर टाकली जाते. जनावरे जेथे सावलीत बसतात तेथे अशा आठोळ्यांचे ढीग साठलेले आढळतात. हिमालयाच्या पायथ्याच्या रानात झालेल्या अभ्यासात आवळ्याच्या प्रसाराचे मोठे काम चितळ, भेकर व वानर यांच्याकडेच आढळून आले. ज्या झाडांवर हरिण उन्हाळा काढते, त्यांची रोपवाटिकाही ते असे आपल्या परीने चालवीत असते.

खनिजांचीही गरज असते. चितळ व सांबर खारट माती चाटतात, आणि गळून पडलेली शिंगे व हाडेसुद्धा चघळतात. कॅल्शियम व स्फुरद यांची उणीव भरून काढण्याचा तो मार्ग होय. आपल्या जनावरांनी गोठ्याच्या भिंती चाटल्या किंवा हाडे चघळली तर आपण त्यांना मिठाचा खडा व खनिज मिश्रण देतो. कारण तेच आहे.

कोकणातून घाटावर गेले की हाच हिशेब वेगळ्या पशूंनी मांडलेला दिसतो. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य १९८० मध्ये काळविटांसाठी राखले गेले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. काळवीट आखूड गवताचा प्राणी. कमरेइतक्या उंच गवतात ते रमत नाही. पण उन्हाळ्यात गवत संपले की तेही शेंगा वेचू लागते व वेड्या बाभळीच्या गोड शेंगांवर ताव मारते. त्यातून त्या उपद्रवी झाडाचे बी माळभर पसरते, हा भाग निराळा. विदर्भातील रोही बोरी-बाभळीचा पाला व गवत दोन्ही खाते आणि शेजारच्या तूर-हरभऱ्यातही उतरते. राधानगरीकडील गवा पावसाळ्यात गवत, एरवी बांबूची पाने, झुडपे व झाडांच्या सालीही खातो.

आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या विस्तीर्ण मैदानात चराईची पाळी ठरल्यासारखी असते. झेब्रे पुढे जाऊन उंच, भरड गवत खातात. त्यांच्यामागून विल्डबीस्टचे कळप येऊन मधली पाती खातात, आणि शेवटी थॉमसन गॅझेल ही लहान हरणे जमिनीलगतचे कोवळे फुटवे व द्विदल रोपे वेचतात. रिचर्ड बेल या अभ्यासकाने १९७१ मध्ये याचे विवेचन केले. एकाच्या चरण्याने दुसऱ्याचे ताट वाढले जाते, अशी ती व्यवस्था. आपल्या गायरानात शे-दोनशे गुरे एकाच जागी बारा महिने उभी असतात, तेथे ताट कधी पुन्हा वाढले जातच नाही.

आता पिकाकडे येऊ. पनवेल-उरणकडे भात कापल्यानंतर खाचरांतील ओलीवर वाल पेरण्याची जुनी रीत आहे. पौष-माघात वरचा डोंगर पिवळा पडलेला असतो, ओढ्याकाठची फळे अद्याप पुरती गळू लागलेली नसतात, आणि खाली द्विदल जातीचे, प्रथिनयुक्त, कोवळे पीक हिरवेगार उभे असते. या एवढ्या काळात त्या खाचराचे आकर्षण सर्वांत अधिक. राखण करावयाची ती या आठ-दहा आठवड्यांत कसून करावी. वर्षभर थोडी थोडी करून उपयोग होत नाही. ओढ्याकाठी आवळे-बेहडे भरपूर असलेल्या ठिकाणी हा ताण सौम्य राहतो. जेथे ती झाडे सरपणासाठी तोडली गेली, तेथे जनावराला उतरण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

नुकसान कोणी केले हे नीट पाहून मगच बोलावे. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते पात ओढून तोडते, म्हणून तुटलेले टोक फाटके व चिंध्या झाल्यासारखे दिसते. सशाला वरखाली तीक्ष्ण दात असतात. त्याने खाल्लेले रोप चाकूने तिरके कापल्यासारखे स्वच्छ दिसते. रानडुक्कर हा चरणारा पशूच नव्हे. त्याचे पोट एक कप्प्याचे, आणि तो मुळे, कंद, किडे यांसाठी जमीन उकरतो. नांगरल्यासारखी माती आणि चिखलात खुरामागे उमटलेले दोन लहान नख्यांचे ठसे या त्याच्या खुणा. रोही व चौसिंगा पुनःपुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतात, त्यावरून त्यांचा वावर ओळखता येतो. डुकराने उकरलेल्या वाफ्याचा दोष भेकराच्या माथी मारला, तर उपाय चुकतो. डुकरासाठी कुंपण जमिनीलगत घट्ट असावे लागते, आणि सांबरासाठी ते उंच असावे लागते.

कुंपणात घरच्या विजेचा प्रवाह सोडण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्यात रात्री पाणी धरण्यास गेलेली माणसेही मरण पावली आहेत. सौर कुंपणाचा झटका क्षणिक असतो व त्याने जीव जात नाही. गावाने मिळून तेच बसवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे व त्याखाली या हरणांची शिकार हा गुन्हा ठरतो. नुकसान झाल्यास विलंब न लावता वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात अर्ज द्यावा व खुणा पुसण्यापूर्वी पंचनामा करून घ्यावा. वर सांगितलेल्या खुणा कार्यकर्त्यास ठाऊक असतील, तर पंचनाम्यात ‘अज्ञात प्राणी’ असे लिहिण्याची पाळी येणार नाही.

वणव्याविषयी थोडे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. खारघरचे उतार उन्हाळ्यात वरचेवर पेटतात. जुने गवत जाळले की नवा फुटवा चांगला येतो, अशी समजूत आहे, आणि तीत थोडे तथ्यही आहे. जळल्यानंतर येणारी हिरवी पाती जनावरे आवडीने खातात. परंतु हा लाभ थोड्या दिवसांचा. दरवर्षीच्या आगीत पवन्यासारखी चांगली बहुवर्षायू गवते मागे पडतात आणि आग सोसणारी कुसळी पुढे सरकते. कुसळीचे बी पिकले की तिची टोकदार कुसळे जनावरांच्या तोंडात व कातडीत रुततात. ओढ्याच्या कडेची आवळा-भोकरीची रोपे याच आगीत मरतात. उघडा झालेला उतार पहिल्या पावसात माती सोडतो, आणि मोकळ्या जागी घाणेरी व रानमोडी शिरतात. या दोन्ही परदेशी झुडपांना हरिण सहसा तोंड लावीत नाही. घाणेरीचा पाला तर गुरांना विषारीच. म्हणजे डोंगर हिरवा दिसतो आणि खाण्याजोगे त्यावर काही नसते. घाणेरी मुळासकट उपटण्याचे काम पावसाळ्यात, जमीन मऊ असताना करावे. नुसती तोडली तर ती दुप्पट फुटते.

पवना-मारवेलीची कुरणे ही दख्खनच्या पठाराची व त्याभोवतीच्या प्रदेशाची मूळ ठेव आहे. भारतातील गवताळ प्रदेशांची पाहणी होऊन १९७३ मध्ये जे वर्गीकरण प्रसिद्ध झाले, त्यात या जोडीच्या नावाने एक स्वतंत्र वर्गच मानला गेला. एके काळी ठाणे जिल्ह्यातील डोंगरांचे गवत कापून, दाबून गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना जात असे, त्यामागे हीच संपत्ती होती. ते गवत फुलोऱ्यावर येताच, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून उघडीप पाहून कापले, तर पेंढ्याहून कितीतरी सकस वैरण घरात येते; डिसेंबरात कापलेल्या गवतात आकारमानाखेरीज फारसे काही नसते. कापणीने उतारावर जळण्याजोगा माल कमी उरतो, हा दुसरा लाभ. गायरानाचे तीन-चार भाग पाडून एकेक भाग पावसाळ्यात पाळीपाळीने बंद ठेवावा, म्हणजे चांगल्या गवताचे बी पडते. कडेने शेवरी, पांगारा, कांचन यांसारखी पाल्याची झाडे लावावीत, म्हणजे शेळ्यांना ओढ्याकडे नेण्याचे कारण उरणार नाही. ओढ्याच्या दोन्ही बाजूंस पंचवीस-तीस पावलांची पट्टी मात्र कुऱ्हाडीपासून व शेळीपासून राखून ठेवावी. भेकराचा उन्हाळा त्या पट्टीत आहे.

या पट्टीत कोणती झाडे उरली आहेत, हे कागदावर आणण्याचे साधन आज गावाच्या हाती आहे. जैविक विविधता अधिनियम २००२ मध्ये झाला व त्याखाली स्थानिक जैवविविधता नोंदवहीची तरतूद झाली. कित्येक ठिकाणी ती वही झाडांच्या नावांची यादी होऊन पडून राहते. तीत आणखी तीन रकाने आखावेत: झाड कोणत्या ओढ्यावर आहे, त्याची फुले किंवा फळे कोणत्या महिन्यात गळतात, आणि ती खाण्यास कोणता पशू येतो. ही माहिती कार्यालयात बसून मिळणार नाही. खारघरच्या डोंगरावरील आदिवासी पाड्यांतील आणि कर्नाळ्याभोवतीच्या ठाकूर व कातकरी वस्त्यांतील जाणती माणसे, तसेच गावोगावचे गुराखी, यांना ती तोंडपाठ असते. माघात एकदा व वैशाखात एकदा त्यांच्यासोबत ओढा चालून जावे. ज्या महिन्यापुढे रकाना रिकामा राहील, त्या महिन्याचे झाड येत्या पावसाळ्यात प्रथम लावावे.